डोंगरातल्या मुलीची खाट

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आणि घरातले सांगतात की जुनं उकरत बसू नका. पण 'सरकारी विद्यापीठाला समाजाने सढळ हाताने मदत करावी' असं आवाहन पेपरात वाचलं की मला राहवत नाही. मदत करणारे करतात हो. ती ज्याच्यासाठी केली त्याच्यापर्यंत पोचते का, हे कोण बघतं? या प्रकरणात एका मुलीची वसतिगृहातली खाट चोरीला गेली होती आणि तिचं पदवीचं शेवटचं वर्ष पणाला लागलं होतं. कोणाचंही नाव लिहीत नाही. विद्यापीठाचं नाव आणि त्याचं उपकेंद्र नेमकं कुठे होतं तेही सांगत नाही.

मी तेव्हा डहाणूच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एप्रिल महिना होता. सकाळची हजेरी आटोपली होती आणि चारोटीजवळच्या हायवेवरच्या अपघाताचे कागद माझ्यासमोर पडले होते. तेवढ्यात सत्तरीच्या आसपासची एक बाई काठी टेकत आत आली आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीचा वास खोलीभर पसरला, सुक्या बोंबलांचा. दोन शिपाई नाकाला रुमाल लावून हसायला लागले.

"माझी पोर हरवलीय, लिहून घ्या," ती म्हणाली.

"नाव काय मुलीचं? वय?"

तिने नाव सांगितलं, तळासरीच्या पूर्वेकडच्या एका पाड्याचं नाव सांगितलं. अंमलदाराने विचारलं, "तुमची कोण?"

"कोण नाय. मी तिला बघितलेली पण नाय."

आता सगळं ठाणंच हसलं. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. बाई हसली नाही. तिने सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सायेब, तुमचं हसून झालं की सांगते."

मी तिला आत बोलावलं. ही मावशी किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली. तीस वर्षं सुकी मासळी पाटीत घालून ती तळासरीकडच्या आठवडे बाजारात विकत होती. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. त्या वर्षी तिच्याजवळ विकायलाही काही नव्हतं, तेव्हा बाजारातल्या डोंगरातल्या बायांनी तिला महिनोन्महिने भात दिलं होतं. मासळी नंतर दे म्हणाल्या. तिची दोन्ही मुलं त्या भातावर वाढली आणि नोकरीला लागली. गुडघे गेल्यावर बाजार सुटला. मग मासळी वाळत घालायची तिची जागा तिने विकली आणि आलेली सगळी रक्कम विद्यापीठाच्या उपकेंद्राला देऊन टाकली. अट एकच. मुलींच्या वसतिगृहात एक खाट आणि दोन वेळचं जेवण कायमचं डोंगरातल्या मुलीसाठी राखून ठेवायचं. पाटीवर स्वतःचं नाव लावायलाही तिने नकार दिला होता.

तीन वर्षांपूर्वी पहिली मुलगी निवडली गेली. मावशीला उपकेंद्राकडून फक्त तिचं नाव आणि पाडा कळला. दरवर्षी पावसाच्या तोंडावर मावशी उपकेंद्रातल्या कारकुनाच्या हाती त्या मुलीच्या घरासाठी सुके बोंबील पाठवायची, कारण नुसते पैसे देणं म्हणजे तिच्या मते भीक घालणं होतं. आणि दरवर्षी मुलीचं आभाराचं पत्र यायचं.

मावशीने शेवटचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते तिला शेजारच्या सुनेने दाखवून ठेवलं होतं. ओळ अशी होती: 'श्रावणात आमच्या घरी मासे चालत नाहीत, म्हणून तुम्ही पाठवलेले बोंबील आईने डब्यात जपून ठेवले आणि गणपतीनंतर आम्ही सर्वांनी आवडीने खाल्ले.'

मी दोनदा वाचलं. "यात काय चुकलं?"

"श्रावणात डोंगरात सुकी मासळी कोण सोडतो, सायेब?" मावशीचा आवाज चढला. "आवणी चालू असते. बाया दिवसभर चिखलात वाकून भात लावतात नि घरी येतात. भाताबरोबर काय खातील, तुमची बासुंदी? माझा अर्धा धंदा त्याच महिन्यात व्हायचा. हे पत्र लिवणारी पोर त्या पाड्यातली नाय. मग माझी पोर कुठेय?"

संशय तिला भाद्रपदातच आला होता. मनाची कशीबशी समजूत घालून ती गप्प बसली होती. पण परीक्षा तोंडावर आली म्हणून पोरीला भेटावं, असं मनात धरून ती आदल्या दिवशी रिक्षाने वसतिगृहावर गेली. फाटकावरच्या रखवालदाराने आत निरोप पाठवला. उत्तर आलं, मुलीला कुणाला भेटायचं नाही. मावशी दोन तास उन्हात उभी राहिली आणि परत आली.

आता माझी अक्कल बघा. माझ्या घरी श्रावण कडक पाळतात. चांगल्या घरात पाळतातच, असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे मावशीचा मुद्दा मला म्हातारीचा हट्ट वाटला. अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला, आणि ती बिचारी निघून गेल्यावर शिपायांबरोबर चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर गेलो. तोपर्यंत सरकारी विद्यापीठ म्हणजे सगळं सरकार देतं, अशीच माझी समजूत होती. तसं नसतं. सरकार भिंती बांधतं आणि पगार देतं. फी माफ होते. पण चाळीस किलोमीटरवरून येणारी मुलगी राहणार कुठे, जेवणार काय, या प्रश्नांपाशी सरकारचा हात आखडतो. तिथून पुढे लोक भार उचलतात. बोर्डीच्या एका चिकूवाडीवाल्या कुटुंबाने तिथे वाचनकक्ष बांधून दिला होता. मसोलीच्या एका डॉक्टरांनी प्रयोगशाळेची भांडी दिली होती. निवृत्त शिक्षकांचा एक गट परीक्षेचे अर्ज भरायला मदत करायचा. मुलं तिथे शिकत होती ती या सगळ्यांच्या जोरावर. म्हणूनच त्यात हात मारणाऱ्याला मी साधा चोर मानत नाही.

विद्यार्थी विभागाचा कारकून फार नम्र निघाला. कपाळाला गंध, टेबल लख्ख, फायलींना रंगीत फिती. त्याने वसतिगृहाचं रजिस्टर उघडून दाखवलं. मावशी शोधत होती त्या मुलीच्या नावापुढे दर महिन्याची सही होती.

मग तो खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. या मुली जागा घेतात आणि परस्पर दुसऱ्या मुलीला देतात. वर पैसे घेतात. स्वतः जातात कंपनीत कामाला. आपण किती लक्ष ठेवणार? देणारा भाबडा असतो हो."

मला पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं. गंध लावलेला, साहेब साहेब करणारा, कागद चोख ठेवणारा माणूस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी कधी न पाहिलेली पाड्यावरची मुलगी. मी एका क्षणात निकाल लावून टाकला.

"तिला चौकशीला बोलवायचं म्हटलं तर कधी सापडेल?" मी विचारलं.

"गुरुवारी बोलवा, साहेब. गुरुवारी मोकळी असते."

स्त्रीचा जबाब घ्यायचा तर पोलिसाने तिच्या घरी जायचं असतं, तिला ठाण्यात बोलवायचं नसतं. हा नियम मला पाठ होता, नव्या मुलांना तो मीच शिकवायचो. पण पाड्याचा रस्ता खराब होता आणि जीप बंदोबस्ताला गेली होती. 'नुसती विचारपूस तर करायची आहे,' असं म्हणून मी तळासरी ठाण्याला फोन केला आणि गुरुवारी सकाळी दहाला तिला पाठवायला सांगितलं.

गुरुवारी ती वडिलांबरोबर आली. जीपने चारोटीपर्यंत, तिथून बसने. किडकिडीत मुलगी, धुवून धुवून रंग उडालेला ड्रेस. मी महिला शिपायाला शेजारी बसवलं आणि सुरुवात केली.

"वसतिगृहात राहतेस?"

"नाही."

"मग ही सही कोणाची?"

"माझी नाही."

"तुझं नाव आहे, सही तुझी नाही. खाट कोणाला विकलीस?"

ती गप्प. मला वाटलं, सापडली. मग मी आवाज चढवला. एका म्हाताऱ्या बाईने जागा विकून तुझ्यासाठी दिलं आणि तू त्याचा धंदा मांडलास, असं बोललो. यापेक्षा वाईटही बोललो. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मान खाली घालायची. घड्याळ बघते म्हणजे सुटायची घाई आहे, असा मी अर्थ लावला आणि मुद्दाम वेळ काढला. मधे एका मोर्चाच्या परवानगीसाठी आलेल्या मंडळींशी तासभर बोलत बसलो. ती बाकावर होती. वडील बाहेर झाडाखाली होते. दोन वेळा त्यांनी आत येऊन काही बोलायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शिपायाने त्यांना हुसकावलं.

चार वाजता मी ते पत्र तिच्यापुढे आपटलं. "हे तूच लिहिलंस ना?"

तिने ते सावकाश वाचलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "साहेब, आम्ही श्रावणात मासे कुठे सोडतो? आवणीत सुकी मासळी नसेल तर भात कशाबरोबर खायचा?"

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. एक सत्तरीची मच्छीवाली आणि एक विशीतली विद्यार्थिनी, दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, आणि दोघींचं बोलणं एकच. श्रावण पाळणारं या सगळ्या प्रकरणात कोण होतं? एक मी. आणि दुसरा?

मी आवाज खाली आणला. मग ती बोलली. तीन वर्षांपूर्वी खाटेसाठी अर्ज तिने केला होता. कारकुनाने सांगितलं होतं, यादीत नाव नाही, देणाऱ्याने मदत बंद केली. तेव्हापासून ती रोज पहाटे निघायची, डोंगर उतरून जीप पकडायची, जीप चुकली की तास बुडायचे. हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसू देणार नव्हते. विभागाच्या मॅडमपुढे तिने पदर पसरला, तेव्हा कुठे खास परवानगी मिळाली.

"मग परीक्षा कधी आहे?" मी विचारलं.

तेवढ्यात तिचे वडील आत आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"सायेब, आता हा कागद चालंल का?"

परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. पहिला पेपर, गुरुवार, सकाळी अकरा. केंद्र माझ्या ठाण्यापासून चालत वीस मिनिटांवर होतं.

"अगं, सांगायचं नाही का?" मी ओरडलोच.

"आल्या आल्या बाहेरच्या शिपायांना सांगितलं होतं. ते म्हणाले, साहेब विचारतील तेव्हा सांग." तिने प्रवेशपत्र माझ्यासमोरून उचललं. "तुम्ही विचारलंच नाहीत."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी तिला गाडीतून चारोटीपर्यंत सोडायची व्यवस्था केली. त्याने काय झालं? गाडीची सोय सकाळी मला तिच्या घरी जायलाही करता आली असती.

शुक्रवारी सकाळी दोन पंच घेऊन उपकेंद्रावर गेलो. कारकुनाने हसून चहा सांगितला. त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आधीच्या भेटीत अर्धा तास मी त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

"तुम्ही श्रावण पाळता?" मी सहज विचारलं.

"कडक, साहेब. अख्खा महिना, वर गणपती होईपर्यंत. माझ्या भाचीलाही तेच वळण आहे, ती इथेच शिकते."

"राहते कुठे?"

त्याच्या हातातली बशी टेबलावर आली. मी महिला शिपायाला घेऊन वसतिगृहावर गेलो आणि मावशीने दिलेली खाट दाखवा म्हटलं. खाटेवर भाची बसली होती, पुस्तकं मांडून. तीन वर्षं ती तिथे झोपत होती, तिथे जेवत होती, आणि रजिस्टरात डोंगरातल्या मुलीच्या नावाने सही करत होती. कारकुनाचं डहाणू रोडला घर होतं, पण बायकोला भाची घरात नको होती. एवढंच कारण. मी अनेक गुन्हेगार पाहिले, भुकेपोटी चोरी करणारे पाहिले, दारूपायी करणारे पाहिले. घरात खोली रिकामी असताना दुसऱ्याची खाट चोरणारा हाच एक.

भाचीने पंचांसमोर नमुन्याचं हस्ताक्षर दिलं, ते पत्रांशी जुळलं. ती रडत होती. म्हणाली, "मामा सांगायचे तसं मी लिहायचे. या वेळी बोंबलांबद्दल काय लिहू ते सुचेना. आमच्या घरी श्रावणात कुणी खात नाही, म्हणून तसंच लिहिलं." बोंबील मामाने दरवर्षी ऑफिसातल्या शिपायांना वाटून टाकले होते. मावशी फाटकावर आली तेव्हा भेटायला नकार देणारी हीच.

कारकून तरीही दोन तास नाकबूल करत राहिला. आधी म्हणाला चूक झाली, मग म्हणाला वॉर्डनची चूक, मग म्हणाला, "साहेब, त्या मुली कुठे तीन वर्षं टिकतात? खाट रिकामीच राहिली असती." तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. पंच शेजारी नसते तर माझ्या नोकरीवर डाग लागला असता.

"गुरुवारी मोकळी असते असं का सांगितलंस?" मी विचारलं.

मुलगी नापास होऊन घरी बसली की तिला कोणी शोधणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याला पाहिजे होता तसाच मी मिळालो होतो. फसवणूक आणि बनावट कागद तयार केल्याचा गुन्हा दाखल झाला. तो निलंबित झाला, जामिनावर सुटला. खटल्याची तारीख अजूनही पडते, आणि साक्षीला बोलावलं की मी जातो.

मुलीच्या पेपरासाठी मी विद्यापीठाला स्वतः पत्र लिहिलं, खाडाखोड न करता सगळं लिहिलं, की ती माझ्या ठाण्यात माझ्यामुळे बसून होती. उत्तर आलं: सहानुभूती आहे, तरतूद नाही. बाकीचे पेपर तिने दिले. तो एक राहिला. निकाल अपुरा, म्हणून शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश त्या वर्षी हुकला. एक वर्ष गेलं.

मावशीला विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी बोलावलं. देणगी परत हवी असल्यास अर्ज करा, असं फार सभ्यपणे सांगितलं. मी तिथे होतो. मावशी म्हणाली, "परत कशाला? बाजारात एक वजनकाटा खोटा निघाला म्हणून मी बाजार सोडला नाय. खाट तिथेच राहील. फक्त आता पोरीला घेऊन मी सवता येईन नि तिचं अंथरूण मी घालीन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि सायेब, तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मी मान खाली घातली.

पावसाळा संपल्यावर मी साध्या कपड्यांत त्या पाड्यावर गेलो. तोच खराब रस्ता, जो मला एप्रिलमध्ये जमला नव्हता. पाकिटात तिच्या वर्षभराच्या खर्चाची रक्कम घेतली होती. ती अंगणात भात झोडत होती. मी पाकीट पुढे केलं, काहीबाही बोललो, की माझीही देणगी समज.

तिने हात पुसले, पण पाकीट घेतलं नाही. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

"मावशींनी मला कधी पाहिलं नव्हतं, साहेब. तरी दिलं. तुम्ही मला दिवसभर समोर बसवून पाहिलंत."

तिच्या आईने मला चहा दिला. मी तो प्यायलो आणि पाकीट खिशात घालून डोंगर उतरलो. नंतर ते पैसे मी उपकेंद्रात भरले, नाव न लिहिता, पण त्याने मनाला काही बरं वाटलं असं म्हणणार नाही.

ती आता शिक्षिका आहे, एक वर्ष उशिरा झालेली. हे प्रकरण मला काय शिकवून गेलं असं नवे अधिकारी विचारतात. त्यांना वाटतं मी कागद, सह्या, हस्ताक्षर याबद्दल सांगेन. मी सांगतो, समोर बसवलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा की आज तू इथे नसतास तर कुठे असतास. त्या गुरुवारी मी सहा तास प्रश्न विचारले, आणि एवढा एक विचारला नाही.